पलीकडचं मैदान

आबा,

उद्या दुपारी सामना आहे आणि मी घरात बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आदल्या दिवशी लिहिणाऱ्यानं घरात काय करायचं? मैदानावर जा की." पण लिहायचं ते मी बुधवारीच लिहून दिलं, काल ते छापून आलं, आणि आज मैदानावर जायचं तोंड मला राहिलेलं नाही.

तुम्हाला आधी सगळं नीट सांगायला हवं. मी इतकी वर्षं इथे न्यू जर्सीत ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली ते कॉलेज अगदी लहान आहे. नदीपलीकडे तसंच दुसरं एक लहान कॉलेज आहे, आणि दोघांचं वैर पणजोबांच्या काळापासूनचं. वर्षातून एकदा, झाडांची पानं झडून थंडी पडायला लागली की त्यांचा फुटबॉलचा सामना होतो. जो जिंकेल त्याला एक जुना, पोचे पडलेला दुधाचा कॅन मिळतो. तो कॅन वर्षभर काचेच्या कपाटात ठेवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. हसू नका. आपल्या कोल्हापुरात सामन्याच्या आठवड्यात दुसऱ्या पेठेतल्या सख्ख्या साडूशी लोक बोलत नसत, ते मी विसरलेले नाही. इथला फुटबॉल मात्र हातात चेंडू धरून, एकमेकांच्या अंगावर कोसळत खेळायचा. पायाने मारायचं काम बहुतेक एकाच मुलाकडे. बाकीचा वेळ तो कडेला उभा असतो, पण सामना अटीतटीचा झाला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. तुम्ही म्हणाला असता, म्हणजे एवढा एकच खरा फुटबॉल खेळतो म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर मी गावच्या साप्ताहिकात या सामन्याआधीचा मजकूर लिहायला लागले. दुसरं कुणी लिहायला नव्हतं, आणि मला तो लिहिता येईल याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. तुमच्या हाताखाली शिकले होते ना. तुम्ही वर्तमानपत्रात सामन्यांचं लिहायचा, पण तुमचं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नसे, म्हणून सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायचा, आई भाकऱ्या थापायची, आणि तुम्ही सांगाल ते मी सुवाच्य अक्षरात उतरवायची. त्याआधी तुम्ही दोन्ही संघांच्या तालमींत जाऊन आलेले असायचा. आधी पलीकडच्या, मग आपल्या पेठेतल्या. चहा दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही. एकदा आपल्या तालमीतल्यांनी आग्रह करकरून तुम्हाला चहा पाजला, तर तुम्ही पुन्हा सायकल काढून पलीकडे गेलात आणि "च्या टाका" म्हणून सांगून बसलात. आई म्हणाली, "चहानं पित्त होतंय तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "पित्त परवडलं."

त्याच संध्याकाळची गोष्ट. पलीकडच्या संघातला तो काटकुळा फॉरवर्ड, लेथवर काम करणारा, त्याचा गुडघा सुजला होता. तुम्ही तो डोळ्यांनी बघून आला होता. मला सांगताना मात्र तुम्ही म्हणता, "लिही. पलीकडच्या फॉरवर्डला मोकळं सोडणं आपल्या बचावाला परवडणारं नाही." मी पेन थांबवते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मला सगळं कळतं. "आबा, पण त्याचा गुडघा?" तुम्ही डोळे मिटलेले असता. "गुडघा त्याचा हाय. आपण बोट दाखवलं की उद्या सगळे तिथंच लाथ घालतील. त्यानं सांगितलं तर लिहायचं. न सांगता दिसलं, तर डोळ्यात ठेवायचं." आई तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "आणि लोक तुम्हाला येडा म्हणू देत." तुम्ही म्हणालात, "म्हणू देत की."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला मैदानावर नेलंत. बी.ए.ची परीक्षा संपेल तेव्हा काय हवं, असं तुम्ही विचारलं होतं आणि मी साडी, घड्याळ असं काही न मागता तुमच्या शेजारची जागा मागितली होती. ती तुम्ही परीक्षेआधीच दिलीत. एवढ्या पुरुषांत मी एकटी मुलगी, आणि तुम्ही माझ्यासाठी दगडी पायरीवर आपला मफलर घडी करून टाकलात. तो फॉरवर्ड काहीच करू शकला नाही. धावायचा, थांबायचा, चेंडू सोडून द्यायचा. आपल्या पेठेतल्या पोरांना जोर चढला. मागून आवाज आला, "ओ पत्रकार, ह्यालाच मोकळं सोडायचं न्हवतं व्हय?" दुसरा म्हणाला, "चष्मा बदला आबा, चष्मा! पलीकडं च्या जास्त गोड होता वाटतं!" सगळे हसले. माझे कान तापले. मला वाटलं, उठून ओरडून सांगावं की यांना माहीत होतं, तुमच्या सगळ्यांच्या आधी माहीत होतं. तुम्ही मागे वळून हसलात आणि म्हणालात, "बदलतो, बदलतो." येताना सायकलवर मी रडत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "मजकूर लिहिला की मैदानावर लोकांत जाऊन बसायचं. शिव्या घरपोच मागवायच्या न्हाईत."

आबा, हे सगळं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. बुधवारीही आठवत होतं.

इथे एडिसनला नागपूरकडची एक बाई आहे, संगणकाच्या नोकरीत आहे, माझ्याहून बरीच लहान. मला ताई म्हणते. तिचा मुलगा लहानपणापासून आपला फुटबॉल खेळत आला आणि आता पलीकडच्या कॉलेजच्या संघात तो पायाने मारणारा एकुलता एक मुलगा आहे. मला मावशी म्हणतो. शेवटचं वर्ष, आणि उद्याचा सामना शेवटचा. गेल्या रविवारी ती माझ्याकडे चकल्या करायला आली होती. आमच्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी या रविवारी आहे. इथे दिवाळी हॉल मिळेल त्या दिवशी येते. मी सोऱ्या दाबत होते, ती तळत होती. एकदम म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका हं. पोराचा डावा पाय दुखावला आहे. घोटा. मारतो उजव्यानं, पण उभा तर डाव्यावरच राहतो नं? कोचला सांगितलंच नाही त्यानं. म्हणतो, मॉम, वन मोअर गेम." मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव आधी." माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. ती म्हणाली, "दाखवतो म्हणतो गेमनंतर. ताई, चार वर्षं त्या एका दिवसाची वाट पाहून राहिला तो." मग चकली तेलात फुटली आणि आम्ही तिकडे वळलो.

साप्ताहिकाचा संपादक माझ्या मुलाच्या वयाचा आहे. गेल्या वर्षी त्याने माझ्या मजकुराबद्दल, नम्रपणेच, म्हटलं होतं की छान आहे, पण यात सगळ्यांना माहीत आहे तेवढंच आहे. ते वाक्य मला वर्षभर टोचत राहिलं. मंडळातले लोकही दर वर्षी म्हणतात, "काकू, तुम्ही साडी नेसून अमेरिकन फुटबॉल कव्हर करता, सो क्यूट!" क्यूट. आबा, मी आयुष्यात कधी क्यूट नव्हते. मंडळाच्या मराठी शाळेत मुलं मला घाबरतात. एकाने निबंध दुसऱ्याचा पाहून लिहिला तर मी त्याच्या आईवडिलांदेखत त्याला सुनावलं होतं, की जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

बुधवारी मी लिहायला बसले. आमच्या कॉलेजचा सराव मी सोमवारी पाहून आले होते. मंगळवारी पलीकडे जायचं ठरवलं होतं, पण पाऊस होता, गाडी काढायचा कंटाळा आला, आणि चकलीचा दुसरा घाणा राहिला होता. म्हणून मी घरीच बसले. आणि बुधवारी लिहिलं: मंगळवारच्या सरावात पलीकडचा तो खेळाडू डावा पाय जपून टाकताना दिसला, तेव्हा लांबून मारायची वेळ आली तर त्या कॉलेजने त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. वाक्य लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि मला ते आवडलं. ते खरं सांगते. संपादकाने लगेच उत्तर पाठवलं, हेच हवं होतं. ते वाचून मी स्वतःसाठी चहा केला आणि त्याबरोबर दोन चकल्या खाल्ल्या.

काल दुपारी तिचा फोन आला. "ताई, तुम्ही ते काऊन लिहिलं?" आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. कोचने साप्ताहिक वाचलं, मुलाला बोलावलं, पाय तपासला, आणि उद्या तो खेळणार नाही. मी म्हटलं, "अगं, ते मैदानावर दिसण्यासारखंच होतं." हे मी बोलले, आबा. विचार न करता माझ्या तोंडून निघालं. ती म्हणाली, "ताई, मंगळवारी तो प्रॅक्टिसला गेलाच नव्हता. त्याचा लॅबचा पेपर होता. म्हणून तर त्याला लगेच समजलं. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं नं. आता माझ्याशी बोलूनच नाही राहिला तो." आणि मग तिने, रागवायच्या ऐवजी, विचारलं की रविवारी चकल्यांचे डबे तिने घेऊन जायचे की मी आणणार.

मी संध्याकाळी त्याला फोन केला. हे तरी मी केलं. मी म्हटलं, "आईनं मला विश्वासानं सांगितलं होतं. कुणाला सांगू नका म्हणूनही म्हणाली होती. सांगितलं मी. तिच्यावर राग धरू नको." तो म्हणाला, "इट्स ओके, मावशी." पाठ केल्यासारखं. मग म्हणाला, "बट यू सेड यू सॉ मी." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "आय वॉजन्ट इव्हन देअर." मी पुन्हा म्हटलं, "हो. मीही नव्हते." पलीकडे कुणीतरी हसत होतं, कुणीतरी दार आपटलं, मुलांच्या वसतिगृहाचा आवाज. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "देन व्हाय?" जन्मभर मी दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारत आले आणि उत्तर येईपर्यंत त्यांना समोर उभं करत आले. त्याने माझी सुटका केली. म्हणाला, "एनीवे, थँक्स फॉर कॉलिंग. आणि मॉमला मी करतो कॉल." शेवटचं मराठीत म्हणाला, बहुधा माझ्यासाठी.

मंडळातल्या एकीने आज मला समजावलं की बरंच झालं, त्या पायावर खेळला असता तर कायमचा अधू झाला असता, देवानेच तुमच्या हातून लिहवून घेतलं. असेलही. पायाचं भलं झालं असेल. पण मी पायासाठी लिहिलं नव्हतं. पायाची एवढी काळजी असती तर रविवारीच त्याला फोन केला असता, किंवा तिला गाडीत घालून त्याच्याकडे नेलं असतं. मी लिहिलं ते मला आतलं कळतं हे गावाला कळावं म्हणून. तुम्ही माहीत असून येडे ठरलात आणि हसत परत आलात. मला नुसतं क्यूट म्हटलेलं सोसवलं नाही.

सकाळी मी संपादकाला चार ओळी पाठवल्या: मंगळवारी मी पलीकडच्या मैदानावर गेले नव्हते, लिहिलं ते पाहिलेलं नव्हतं, हे माझ्या नावाने छापावं. त्याचा फोन आला. म्हणाला, अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका, वेबसाइटवरून ते वाक्य काढून टाकतो, कुणाच्या लक्षातही राहणार नाही. मी म्हटलं, छापा. जरा दरडावूनच म्हटलं. ती सवय काही जात नाही. खुलासा संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर लागेल, आणि पुढच्या अंकात छापून येईल.

उद्या मी जाणार आहे. आता लिहिता लिहिता ठरवलं. आमच्या बाजूला नाही, पलीकडच्या बाजूला बसेन, जिथून तो कडेला उभा असलेला दिसेल, संघाचा शर्ट घालून, दिवसभर काही काम नसलेला. त्याची आई तिथेच बसणार. ती शेजारी जागा देईल की नाही, माहीत नाही. नाही दिली तर मागच्या पायरीवर बसेन. लोखंडी बाकडी थंडीत फार गार पडतात, म्हणून तुमच्यासारखा मफलर घेऊन जाईन. तिच्यासाठी.

तुम्ही माझं लिहिलेलं कधी वाचलं नाहीत. मी पहिला मजकूर लिहिला त्याच्या कितीतरी वर्षं आधी तुम्ही गेलात. त्याचं मला फार वाईट वाटायचं. कालपासून वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक सांगून टाकते. तुम्ही असता तरी मी ते पाठवलं नसतं. फोन केला असता. इथे थंडी पडली आहे म्हणाले असते, आईच्या चकलीचं प्रमाण विचारलं असतं. आणि तुम्ही नेहमीसारखं विचारलं असतं, "पलीकडं जाऊन आलीस का गं आधी?" तर मी हो म्हटलं असतं.