नकलांची खिडकी

३ फेब्रुवारी
अखेर बदली झाली! पोलीस ठाण्यामागच्या नोंदणी विभागात नकलांची खिडकी आता माझी. टेबल डुगडुगत नाही, पंखा चालतो, आणखी काय हवं? काम सोपं आहे: अपघातांच्या, गुन्ह्यांच्या पोलीस अहवालांच्या नकला द्यायच्या. लोकांनी अर्ज द्यायचा, त्यात घटनेची तारीख, ठिकाण आणि अहवालातल्या माणसाशी असलेलं नातं लिहायचं, ओळखपत्र दाखवायचं. नातं जवळचं असेल तर शुल्क घेऊन अहवालाची नक्कल द्यायची. तपास चालू असेल तर परत पाठवायचं. आई खूश आहे. दादा बेपत्ता झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली. त्याच्याबद्दल कुठेही काही नोंदलं गेलं तर आता मला आधी कळेल, असं तिला वाटतं. मलाही वाटतं.

७ फेब्रुवारी
दिवसभर तीच तीच वाक्यं बोलून घसा बसला. लोक असे भांडतात, जणू त्यांचा अपघात मीच केला. एकच गृहस्थ शांत होते. त्यांनी स्वतःच्याच अपघाताच्या अहवालाची नक्कल मागितली. ओळखपत्र बरोबर, फोटो बरोबर. अहवाल काढून बघते तर त्यात ते जागीच मृत. मी हेडक्लार्ककडे धावले. त्यांनी चहाचा कपही खाली ठेवला नाही. म्हणाले, "देऊन टाका. नाही म्हटलं की ते जात नाहीत, आणि रांग तुंबते."

१२ फेब्रुवारी
असे रोज येतात. आता घाबरायचाही कंटाळा येतो. हेडक्लार्कनी ओळखायची खूण सांगितली: रांगेत जो कुरकुरत नाही, तो त्यातला. जिवंत माणूस इतका वेळ मुकाट उभा राहूच शकत नाही म्हणे. खरं आहे. कागद मिळाला की ते नीट वाचतात, घडी घालतात आणि पुन्हा दिसत नाहीत.

१७ फेब्रुवारी
आज रांगेच्या टोकाला दादा होता. मुकाट उभा. आमचा दादा, ज्याला केस कापायच्या दुकानातसुद्धा दम निघत नाही.
मी खिडकी लावून घेतली. पोटात दुखतंय सांगून घरी आले. काही कळलं का, आईने विचारलं. मी नाही म्हणाले.

१८ फेब्रुवारी
तो पुढे सरकलाय. मी एकेक अर्ज पुन्हा पुन्हा वाचते, उगाच चुका काढते, माणसं परत पाठवते. लोक शिव्या घालतात. घालू देत. त्याची पाळी येत नाही तोवर तो फक्त बेपत्ता आहे.

२० फेब्रुवारी
दुसरं टेबल मागितलं. हेडक्लार्क म्हणाले, कुठेही बसलात तरी तो तुमच्याच रांगेत —
आई दाराला कडी लावत नाही. तो येईल म्हणून. तिचा जरा डोळा लागला की मी लावते. मला भीती वाटते. माझ्याच दादाची.

२१ फेब्रुवारी
आला. अगदी खिडकीशी. ओळखपत्र पुढे केलं — ओलं — चिखल —
तुझा अहवालच नाही रे इथे, मी म्हणाले. कुणी नोंदवलाच नाही.
केवढा दमलेला दिसत होता. म्हणाला, "मग तू लिही. आईला आणखी किती जागं ठेवायचं?"
हाताशी ही वहीच होती. तो सांगतोय, मी लिहून घेतेय. जुन्या पुलापलीकडे, वीटभट्टीच्या मागे, जिथे —