गोठा ऑफलाइन

२ डिसेंबर
शेजारचा ऊस तुटला. परवा बनुबाईंची शेळी गेली. शिराळ्याहून वनखात्याची माणसं आली, ठसे बघितले, बिबट्याच आहे म्हणाली. एकटं फिरू नका, बोलत चाला, असं सांगून गेली.
आई पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटीच गोठ्यात जाते. वडील नाहीत, भाऊ वीरधवल फौजेत. म्हणजे निर्णय मीच घ्यायचा. आई घाबरली आहे हे उघड आहे, फक्त कबूल करत नाही. मी घाबरलेली नाही. संडास गोठ्याच्या मागे आहे आणि मी संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, या दोन गोष्टींचा संबंध नाही. त्याने झोप चांगली लागते.
निर्णय: गोठ्यात स्मार्ट बल्ब, घराच्या सोप्यातल्या बोर्डावर त्याचा स्मार्ट स्विच. एक फसला तर दुसरा आहे. याला रिडंडन्सी म्हणतात.

५ डिसेंबर
पार्सल आलं. मेन स्विच पाडून स्वतः बसवलं. मॅन्युअल उघडलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री आहे. कपाटावर टाकलं.
अंथरुणात बसून मोबाइलवरून गोठा उजळला. वीरधवलला व्हिडिओ पाठवला, आता तिथे अंधार होणार नाही असं लिहिलं. त्याचं उत्तर: आईकडं लक्ष ठेव. तेच तर करते आहे.

६ डिसेंबर
सकाळी दूध घेऊन आल्यावर आईने सवयीने बटण बंद केलं. बल्बची वीजच तुटली. संध्याकाळी त्याचा टायमर लागला नाही, ॲपवर ‘ऑफलाइन’. माझ्या लक्षात येईपर्यंत आई अंधारातच जाऊन बसली होती.
तिला समजावलं की बल्ब बंद असला तरी त्याला वीज लागते, आदेश ऐकायला. बंद हाय तर ऐकतोय कशाला, असं तिने विचारलं. प्रश्न अशास्त्रीय होता.

९ डिसेंबर
बटणावर चिकटपट्टी लावली. आईने काढली. पुन्हा लावली. आता त्या जागी तिने कुंकवाची पुडी चिकटवली आहे आणि बटण बंद आहे.
यापुढे बल्ब आणि स्विच दोन्ही मीच चालवणार. ॲपमध्ये एक टॅप बनवला. दाबला की दोन्ही बदलतात: बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. नाव दिलं ‘गोठा’. सुटसुटीत.
आणखी एक. आई अंगणातून जाताना म्हशीशी मोठमोठ्याने बोलते. आज माझ्या ऑनलाइन मीटिंगमध्ये ऐकू गेलं. पुण्याच्या टीमने घरी भांडण चाललंय का विचारलं. आईला सांगितलं, आता उजेड आहे, हळू बोलत जा. बरं म्हणाली.

१४ डिसेंबर
पहाटे आई गोठ्यात होती. न बोलता गेली होती. पलीकडे उसाचा एक पट्टा राहिला आहे, त्यात सळसळ झाली. वारा नव्हता. म्हैस फुरफुरली.
उजेड असावा म्हणून मी अंथरुणातूनच ‘गोठा’ दाबलं. दिवा चालूच होता, म्हणून गेला. परत दाबलं. आला. त्यानंतर बोट थांबलं नाही. वीज भराभर तुटली-जुळली की हा बल्ब त्याचा अर्थ ‘सगळं विसर, नव्याने सुरू कर’ असा घेतो. तो लुकलुकायला लागला. म्हशीने दावं तोडलं. बादली पडली. आईचा आवाज आला. मग कसलाच आला नाही.
मी दाराशी पोचले होते. कडीवर हात होता. परिस्थितीचा अंदाज घेत होते. किती वेळ, ते लिहीत नाही.
आई भिंतीला धरून आली. डावं मनगट सुजलेलं. हाक का नाही मारलीस, मी विचारलं.
“हाक मारली असती तर तू भाईर आली असतीस. जनावर हाय तितं.”

१५ डिसेंबर
आईच्या हाताला प्लास्टर. म्हैस पाटाकडेला सापडली. बनुबाईंच्या कोंडीबांनी आणून बांधली.
बल्ब सदोष नाही. रचनेप्रमाणे वागला. आता तो ॲपला परत जोडायला गोठ्यात त्याच्याखाली उभं राहावं लागेल. दुपारी करणार होते. मीटिंग लांबली.
दूध कोंडीबांनी काढावं असं सुचवलं. आजच्यापुरतं काढतील, पण म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत न्हाई, घरचंच माणूस पायजे, असं आई म्हणाली. घरात माणसं दोन. एकीला प्लास्टर.
तुला भीती वाटत नाही का, असं तिला पहिल्यांदाच विचारलं.
“लय वाटती. म्हणून तर बोलत जात हुते.”

१६ डिसेंबर
तिन्हीसांज. बादली कोपरात अडकवली, मोबाइलची बॅटरी लावली. बोलत जायचं होतं. म्हशीशी काय बोलावं सुचेना. कपाटावरचं मॅन्युअल घेतलं आणि मोठ्याने वाचत निघाले. इंग्रजी होतं, मराठीत करत गेले, कारण आई ओट्यावर बसून ऐकत होती.
पान पहिलं. चौकटीतली सूचना: या स्विचच्या पुढे स्मार्ट बल्ब जोडू नये.
अंगणाच्या मध्यावर थांबले. उसात सळसळ होती.
“थांबलीस का गं? म्होरं वाच,” ओट्यावरून आई.
पुढचं पान वॉरंटीचं. ते गोठ्यापर्यंत पुरलं. येताना पुन्हा तेच वाचलं.