वात जळत नाही

४ सप्टेंबर

त्रेसष्टाव्या वर्षी नोकरी लागली. माझा नवरा हॉलिस आज असता तर हसून हसून खुर्चीतून पडला असता. केंटकीच्या तंबाखूत जन्म गेला, चाळीस वर्षं दिवसाला एक पाकीट ओढलं, आणि आता मी व्हेपच्या, म्हणजे विजेच्या सिगारेटच्या, दुकानात उभी राहून वाफ विकणार.

मालकाने दुकानावरच्या दोन खोल्या राहायला दिल्या आहेत. शेतावरच्या घराच्या भिंतींत हॉलिसचा खोकला मुरला होता, तिथून निघाले ते बरंच झालं. पुस्तकं लावून झाली. त्याचा फोटो आरशापाशी ठेवला. खिडकीतून मागचं जुनं तंबाखूचं कोठार दिसतं. तरुणपणी हॉलिस तिथेच पानं टांगायचा. खाली जमिनीवर लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचे, आठवडेच्या आठवडे, आणि तो घरी आला की त्याच्या केसांनासुद्धा त्या धुराचा वास यायचा. वीस वर्षं झाली, तिथे धूर झालेला नाही.

मालक ड्वेन प्रूइट, पंचेचाळिशीचा, लठ्ठ आणि अदबशीर. मला मिस ओपल म्हणतो. दंडाला धरून मला आत नेलं, जसं काही मी दारातच कोसळणार होते.

दुपारी नेटी मॅकरे आली. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आवाज अजून तसाच. दारातूनच ओरडली, अगं ओपल, तू आहेस होय, मला वाटलं हॉलिसबरोबर तुलाही पुरून टाकलं. मग एवढी खोकली की काउंटर धरावा लागला. घेवड्याचं भांडं आणि मक्याची भाकरी ठेवून गेली. बरं वाटलं.

७ सप्टेंबर

व्हेपच्या यंत्राची पुस्तिका तीनदा वाचली. शाळा आठवीत सुटली, पण हॉलिसच्या आजारपणात डॉक्टरांचे कागद शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले होते, त्यामानाने हे सोपं आहे. आत तारेचं वेटोळं असतं, त्यात कापसाची वात, वात निकोटिनच्या रसात भिजलेली. तार तापते, रसाची वाफ होते. साध्या यंत्रात वात कोरडी पडली तरी तार तापतच राहते, कापूस जळतो आणि घशात असा झटका बसतो की डोळ्यांत पाणी येतं. तापमान-नियंत्रणाच्या यंत्रात तसं होत नाही. तार तापली की तिच्यातून जाताना वीज जास्त अडखळते, आणि त्यावरून यंत्राला कळतं ती किती तापली आहे. चारशे अंश सांगितले की चारशेवर थांबतं. वात जळत नाही, चव पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत सारखी, बॅटरी पुरते, रस कमी लागतो.

ड्वेनने मलाही एक दिलं. खरंच मऊ वाफ आहे. हॉलिसने शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून वचन घेतलं होतं, छातीत पुन्हा धूर घ्यायचा नाही. माझ्यासारखी मरू नकोस, म्हणाला. अकरा महिने पाळलं आहे. त्याला हे दाखवायला हवं होतं.

१२ सप्टेंबर

आज चूक केली. नवी तार बसवली की यंत्र आधी ती थंड असतानाची मोजणी घेतं, आणि ती आपण पक्की करायची. मी दोन झुरके ओढून मग पक्की केली. म्हणजे यंत्राने तापलेल्या तारेलाच थंड धरलं आणि चारशेच्या नावाखाली किती तापलं देव जाणे. वात जळली.

कापूस जळल्याचा वास मला माहीत आहे. हा तो नव्हता. केस जळल्यासारखा, आणि त्याखाली चरबी तव्याला लागल्यासारखा. तोंड चारदा धुतलं तरी जिभेवर तेलकट थर राहिला. जेवण गेलं नाही.

ड्वेन पहिल्यांदाच चिडला. म्हणाला, मिस ओपल, काहीही करा पण माझी वात जाळू नका. तार गार होऊ द्या, मगच मोजणी. नंतर माफी मागितली, म्हणाला, वाती तो स्वतः बनवतो, खपून बनवतो, म्हणून जीव तुटतो.

२१ सप्टेंबर

धंदा जोरात आहे. दर शनिवारी ड्वेन गिऱ्हाइकांच्या वाती फुकट बदलून देतो, म्हणून निम्मं गाव इथे असतं. पण एक गंमत. एकदा त्याची वात घातली की पुन्हा बदलायला कोणी येत नाही. जळतच नाही तर बदलायची कशाला, असं म्हणतात.

नेटीचा खोकला गेला! काउंटरवर थाप मारून सांगत होती, आता मला मारायचं तर अंगावर बसच घालावी लागेल, आणि ती चालवायला या गावात माझ्याशिवाय कोणी नाही. सगळे हसले. मीही.

हल्ली माझीही सकाळची खरखर कमी झाली आहे.

३ ऑक्टोबर

नेटीने रस भरायला यंत्र दिलं. झाकण फिरवलं तर निघेना, ओढल्यावर चिकट आवाज करत सुटलं.

वात वाढली होती.

मी तीन आठवड्यांपूर्वी करंगळीच्या नखाएवढी वात घातलेली पाहिली होती. आता सगळी टाकी भरली होती. उकडलेल्या कोंबडीच्या शिरांसारखे पांढरे धागे, एकमेकांत गुंतलेले, बुळबुळीत. तोंडाच्या नळीतून वर आले होते. बोट लागलं. कोमट होतं, यंत्र बंद असूनही. गालाच्या आतल्या बाजूला जीभ लावावी तसं मऊ. आणि वास, आंबलेलं दूध आणि ओले केस.

नेटीने ते माझ्या हातातून घेतलं, झाकण लावलं आणि तशीच ओढत निघून गेली. नळीच्या तोंडाशी एक धागा लोंबत होता. तो तिने ओठांनी आत ओढून घेतला.

मोरीत उलटी झाली.

४ ऑक्टोबर

माझं यंत्र उघडलं. तसंच. खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि झाकणावर वीट ठेवली.

९ ऑक्टोबर

दुकानात आज अकरा माणसं होती. सगळी ओढत होती. आणि काचा स्वच्छ होत्या. पहिल्या आठवड्यात धुकं एवढं असायचं की मला दर तासाला काच पुसावी लागायची.

मग लक्षात आलं. आत घेतात. बाहेर काहीच येत नाही.

नेटीकडे बघत राहिले. तिने लांब झुरका घेतला. छाती फुगली. तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा घेतला.

मी तिला हळूच म्हटलं, नेटी, श्वास सोड ना. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू तो शब्दच तिला आठवत नव्हता.

११ ऑक्टोबर

ड्वेनला विचारलं, वाती कशाच्या बनवतोस. तो म्हणाला, मिस ओपल, या गावात दर हिवाळ्यात आपण किती जणांना पुरतो? आज कोणी खोकत नाही. तुमची तक्रार नक्की काय आहे?

अदबीने बोलला. बोलताना त्याच्या दातांमागे काहीतरी पांढरं हललं.

१३ ऑक्टोबर

ड्वेन बरण्या घेऊन मागच्या कोठारातून येताना खिडकीतून दिसला, म्हणून भर दुपारी तिथे गेले. दाराला कुलूपही नाही.

जिथे पानं टांगायचे त्या प्रत्येक आडव्या काठीवरून ते लोंबतंय. पांढरं. जमिनीपर्यंत. ओलं, गरम, आणि वारा नसताना हलणारं. खाली ड्वेनची कात्री आणि बरण्या. जिथे कापलं होतं तिथून पिवळट थेंब गळत होते. पायाखालची माती बुटाला चिकटत होती. एक धागा माझ्या मनगटावर आला. टोक बारीक होतं, ते कातडी चाचपत होतं, बाळ छाती शोधतं तसं. हिसडून टाकला. अजून हात धुतेय.

तिथेच हॉलिसचं बोलणं आठवलं. लग्न नवं होतं, मी त्याच्या शर्टाच्या धुरकट वासाला नाक मुरडलं होतं. तो म्हणाला होता, पानांना रंग चढतो म्हणून धूर करतो असं सगळे सांगतात, पण जुनी माणसं म्हणायची, धूर थांबवला तर कोठारात पांढरं धरतं. एका साली एका कोठारात धरलं. माणसं बाहेर काढली आणि कोठार जाळलं. मग हळूच म्हणाला होता, सगळी माणसं बाहेर काढली नव्हती.

मी तेव्हा हसले होते.

१४ ऑक्टोबर

नेटीच्या घरी गेले. स्वयंपाकघरात खुर्चीत बसलेली. टेबलावर घेवडा सडलेला, त्यावर माश्या. यंत्र तोंडात. नळी आणि ओठ यांच्यामधला फरक कळत नव्हता, पांढऱ्याने दोन्ही शिवून टाकलं होतं. नाकातूनही बाहेर आलं होतं. गळ्याजवळ कातडीखाली काहीतरी सरकत होतं.

मला बघून डोळ्यांनी हसली. नेटीच. तशीच हसली.

यंत्राचा दिवा लागला. चारशे अंश. एक अंश वर नाही, एक अंश खाली नाही.

१५ ऑक्टोबर

जिल्ह्याच्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला. सगळी फिल्म पांढरी आली. नर्स म्हणाली, मशीन बिघडलंय, सोमवारी या, काळजी करू नका, तुमचा श्वास तर छान चाललाय, साधी खरखरही नाही.

सोमवारला चार दिवस आहेत.

१६ ऑक्टोबर

सकाळी दात घासताना जिभेच्या मुळाशी धागा. चिमटीत धरून ओढला. येत राहिला — येत राहिला — वीतभर — मग खालून छातीत काहीतरी ओढलं गेलं. दुखलं नाही. तेच किळसवाणं. गोड वाटलं.

तोडला. उरलेला आत गेला, आपणहून.

१६ — दुपार

आरशासमोर श्वास सोडून बघितला. काच धुरकट होते. थोडीच. कालच्यापेक्षा कमी.

ते कशाला भितं, मला माहीत आहे. ड्वेनलाही माहीत आहे, म्हणून तर म्हणाला होता, माझी वात जाळू नका.

नवं यंत्र खालून आणलं. त्यात साधा कापूस घातला, आणि हॉलिसच्या जुन्या कोटाच्या खिशातली तंबाखू. तार तापवायची, तापलेलीच मोजणी पक्की करायची. यंत्र गरमला थंड समजेल. माझी सप्टेंबरातली चूक. मग जळेल. खरा धूर होईल. तो खाली जाईल.

वचन मोडायचं. जगायला दुसरं काही नाही. हॉलिस, तू फोटोत हसतोयस, हसू नकोस.

१६

एक झुरका घेतला. केस आणि चरबी, तोच वास, पण या वेळी माझ्या आतून आला. मुठीएवढं ओकले. पांढरं. बशीत आहे. हलत होतं. आता हलत नाही. काळं पडलं.

काम होतंय!

पण छातीत खाली अजून आहे. वर सरकतंय — घाईने. जिन्यावर ड्वेन. मिस ओपल, मिस ओपल. अदबीनेच हाक मारतोय.

दार लावलंय. यंत्र तापलं. मोठा झुरका. शेवटचा. सगळा आत.

घेतला. भरला. तळापर्यंत. माफ कर.

आता सोडते. आरशात बघतेय. तोंड उघडलंय, हॉलिस, बघ, आता धूर बाहेर

तोंड उघडं आहे. काच स्वच्छ आहे

धूर —