निळा कॅन

मंगळवार, लातूर

निलंग्याहून, काकूकडून आत्ताच आलो. चहाही नको वाटतोय.

मागं काकूनं गोठ्याच्या लाकडी मेढींना वाळवी लागली म्हणून गाड्यांचं जळकं ऑइल मागितलं होतं. आमच्याकडं सगळेच लावतात. मी वापरलेलं तेल शुद्ध करायच्या कारखान्यात कामाला. गॅरेजवाल्यांना बजावत फिरतो, थेंबही बाहेर देऊ नका, आम्हालाच द्या. तरी घरचं माणूस म्हणून मीच निळा कॅन भरून नेऊन दिला.

आज बघतो तर तोच निळा कॅन माठाशेजारी, पाण्यानं भरलेला. काकू खुशीत म्हणाली, "राखेनं चारदा घासला. लई मजबूत हाय. शेतात पाणी न्यायला कामाचा झाला बघ."

प्लास्टिकमध्ये मुरलेलं हे विषारी तेल घासून निघत नाही, हे मी रोज लोकांना सांगतो. तिला सांगायला तोंड उघडलं. पण मग कॅन दिला कुणी, हेही आलंच. तसाच निघून आलो. आता फोन करू? काय म्हणून करू? सकाळी ती तोच निळा कॅन घेऊन शेतात जाईल.

तिनं त्यातलंच तांब्याभर पाणी माझ्यापुढंही धरलं होतं.

"तहान न्हाई," म्हणालो मी.