हळदीआधीची नोटीस

॥ श्री ॥
शिरवणे, ३ एप्रिल २०२५

चि. विपुल यास मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. तुझ्या वकिलीच्या ऑफिसला फोन केला की एक बाई भाषा निवडायला सांगते आणि मराठी निवडली की फोन कट होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझं मशीन मला 'प्रिय सुमित्रा' म्हणतं. तुझ्या काकांनी उभ्या जन्मात असं म्हटलं नाही! म्हणून पोस्टाने लिहितेय. बालवाडीत एवढी वर्षं पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली, ती कुठेतरी कामाला यावीत.

तुझ्या नामदेवमामाने, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने, शेजारच्या आपल्या घराच्या माडीवरच्या भाडोत्र्यांसाठी लोखंडी जिना काढला आणि थेट माझ्या दारासमोर उतरवला. भरदिवसा दिवा लावून तांदूळ निवडते मी. शेवटी तुझ्या ऑफिसात येऊन तिथल्या जागृतीला एवढंच सांगितलं की विपुलला पाठव, मामा त्याचं ऐकतो. तिने गोड आवाजात विचारलं की क्लायंटला निष्पत्ती काय हवी, ताबा, भरपाई की मनाई हुकूम. मी म्हटलं, बाई, मला भावाशी बोलणं सुरू व्हायला हवंय, त्याच्या सोनलच्या हळदीच्या आधी. आपल्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते, आणि तुझी आई गेल्यापासून सोनलला आत्या मी एकटीच. जागृती म्हणाली, हा पर्याय यादीत नाही, मनाई हुकूम टाकते.

टाकला की! काल मामा ओटीवर लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत बसला होता, तेवढ्यात पोस्टमन तुझी नोटीस घेऊन हजर. मामाने माझी पत्रिका उचलून कपाटात ठेवली. धन्य ती सेवा.

लोभ आहेच, तो वाढव. बिल वाढवू नकोस.
तुझी सुमित्रामावशी


सीबीडी बेलापूर, ९ एप्रिल २०२५

ती. सुमित्रामावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कुठल्या खात्यात नोंदवायचं हे ऑफिसात कुणाला कळेना, शेवटी ते 'इतर'मध्ये गेलं. मी गोव्याला होतो. हसू नकोस, परिषद होती. विषय होता 'क्लायंटशी नातं'.

मावशी, जुनी वकिली संपली गं. नुसत्या तारखा घ्यायच्या आणि तासावर फी लावायची, हे आम्ही मोडीत काढलंय. आम्ही आता मूल्य देतो. सल्लागार नेमलाय, त्याने कॉफीचं मशीन आणि ध्येयवाक्य दोन्ही बदललं. तुझी नोटीस माणसाचा हात न लागता, चहा निवायच्या आत तयार झाली. माझी सहीसुद्धा आपोआप उमटते.

जरा घाई झाली, मान्य. पण मामाला उत्तर तर देऊ दे, मग समेटाचं पाहू. त्याला एवढ्यात कोण वकील मिळतोय? टेन्शन घेऊ नकोस, आणि मशीनला शिव्या देऊ नकोस, ते सगळं साठवून ठेवतं.

मायेत खंड नसावा.
तुझा विपुल


शिरवणे, १५ एप्रिल २०२५

चि. विपुल यास आशीर्वाद, हातचे राखून.

मामाला वकील मिळाला रे. बेलापूरचाच आहे, फार पुढारलेला आहे म्हणतात. आज त्याच्याकडून उत्तर आलं. वर तुमचा सोनेरी शिक्का, खाली तुझीच सही. माझ्यातर्फे तू मामाला जिना हटव म्हणतोस आणि मामातर्फे मला दम देतोस की जिन्याला हात लावलास तर खबरदार! तुझी आई असती तर तिने तुझे दोन्ही कान उपटले असते, एक माझ्यातर्फे, एक मामातर्फे.

चौकशी केली मी. जुईनगरला तुमची नवी शाखा निघाली आहे. मामा रागाच्या भरात तिथे शिरला, तिथल्या निशांतने त्याला एसीत बसवून कॉफी पाजली. मी ठाकूर, तो म्हात्रे. आडनावं वेगळी, म्हणून मशीनला आम्ही भाऊबहीण दिसलोच नाही. शिरवण्यातल्या कुठल्याही भाजीवालीला विचारलं असतंत तरी तिने सांगितलं असतं.

आता चेष्टा पुरे. खूप रागावले आहे मी. हळद आठ मेला आहे. त्या पोरीला मी कडेवर वाढवलं, आणि तिच्या हळदीला मी भिंतीपलीकडे दार लावून बसायचं? तसं झालं तर तुला माफ करणार नाही.

लोभाचं नंतर बघू.
सुमित्रामावशी


सीबीडी बेलापूर, १९ एप्रिल २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून घाम फुटला. एकाच भांडणात दोन्ही बाजू आम्हाला घेताच येत नाहीत. नोटिसा मागे घेतल्या, तुझं आणि मामाचं, दोघांचंही काम सोडलं. जागृती म्हणाली, मशीनने कळवू का? नको म्हटलं आणि काल स्वतः शिरवण्याला आलो.

मामा जिन्याखाली उभा होता, बससुद्धा म्हणाला नाही. त्याने विचारलं, म्हणजे आता तिलाही वकील नाही आणि मलाही नाही? मी हो म्हटलं. मग आता भांडायचं कुणी, असं त्याने विचारलं. तुझ्या दारापर्यंत आलो, पण कडी वाजवायचा धीर झाला नाही.

राग ओसरला तर कळव.
तुझा विपुल


शिरवणे, १० मे २०२५

चि. विपुल यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हळदीच्या डीजेत तुझ्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. भांडायचं कुणी? आम्हीच भांडलो. तू गेलास त्याच संध्याकाळी मामा दारात येऊन ओरडला, मी आतून ओरडले. लहानपणी फोडलेल्या पाटीपासून सगळं निघालं. भाडोत्री जिन्यावर बसून ऐकत होते, एकदम फुकट. शेवटी मामाचा घसा बसला आणि तो पाणी प्यायला आत आला. बाहेर अजून उन्हं असताना घरात दिवा पाहून त्याने तो विझवून बघितला. म्हणाला, एवढा अंधार होतो हे सांगितलं का नाहीस? मी म्हटलं, तू आत आलास कधी? लग्नाचा मांडव उतरला की वेल्डर बोलावून जिना मागच्या बाजूला वळवणार आहे तो.

तोवर जिन्याचा उपयोग तू पाहिलासच. गावच्या बायका पायऱ्यांवर ओळीने बसून हळदीची गाणी, आपले धवले, गात होत्या. सोनलच्या गालाला हळद लावली आणि मला रडूच फुटलं बघ. तुझ्या आईच्या वाटची हळदही मीच लावली.

माया होती तशीच आहे. पुढच्या वेळी मशीन नको, तूच ये.
तुझी सुमित्रामावशी

ता. क. आज सकाळी तुझ्या मशीनचा निरोप आला. प्रिय सुमित्रा, तुमचं प्रकरण यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन, आम्ही तुमच्यासाठी सर्वांत चांगलं काय केलं ते कळवा. मामा चहाला बसला होता, त्यालाही तोच आलाय. दोघांनी मिळून एकच उत्तर पाठवलं: आम्हाला सोडलंत.