विली पेंडल याचे शेवटचे वर्ष

१ जानेवारी १९८६, आलापल्ली
आजपासून नियमित डायरी. मागच्या वर्षी ४ जानेवारीपर्यंत लिहिली होती, तेव्हा अनुभव आहेच.
संकल्प तीन. एक, बॉक्सिंगच्या बॅन्टमवेट या वजनी विभागाचे संपूर्ण वर्ष खेळवून पूर्ण करणे. दोन, त्याचा वार्षिक आढावा लिहून मुंबईच्या एखाद्या क्रीडा मासिकाला पाठवणे. तीन, स्वतःचे वजन बॅन्टमवेटमध्ये आणणे, म्हणजे बॉक्सरांचे मन आतून कळेल. मर्यादा साडेत्रेपन्न किलो. वनविभागाच्या आमच्या डेपोत डिंक तोलायच्या काट्यावर आज सत्तावन्न भरलो. म्हणजे फक्त एक विभाग वर. किरकोळ.

३ जानेवारी
बल्लारशाच्या रद्दीवाल्याकडून मागे एक जाड इंग्रजी पुस्तक आणले होते. पुठ्ठा नाही, पण १९३० ते ३९ मधल्या बॅन्टमवेट बॉक्सरांची सगळी माहिती, फोटोसकट. त्यातले सोळा निवडले. प्रत्येकाचे एक कार्ड, त्यावर ठोसा, दम आणि जबडा यांना मार्क. फासे टाकायचे, तक्ता बघायचा, राउंड पुढे. जे खऱ्या आयुष्यात कधी समोरासमोर आलेच नाहीत ते माझ्या ओसरीवर लढणार. कमळा म्हणाली, सापशिडीच की. बायकोला इतिहास समजावणे सोपे नाही.
नियम सव्वीस झाले होते. जेवताना सत्ताविसावा सुचला. बॉक्सर आडवा झाला की तीनदा फासे टाकायचे. तिन्ही वेळा सगळ्यात वाईट दान पडले तर तो मेला. कार्ड फाडायचे. रिंगमध्ये माणसे मरत असत, हे सत्य आहे. इतिहासात रडारड चालत नाही.

४ जानेवारी
या सोळा जणांच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून माझा कोणी आवडता नाही, हे लिहून ठेवतो.
विली पेंडल, कार्डिफ. बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा. आयुष्यात बेचाळीस वेळा हरला, विजेतेपदाची लढत त्याला कोणी दिलीच नाही. उंची पाच फूट चार. माझीही तेवढीच, योगायोग. त्याला दमाचे सहापैकी पाच दिले, तेही फोटो बघून, पूर्ण तटस्थपणे.
मी स्वतः १९६७ साली नागपूरच्या आंतरकॉलेज स्पर्धेत बॅन्टमवेटला उतरलो होतो. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत. (त्याआधीच्या फेरीत समोरचा आलाच नाही. असो.) उपांत्यपूर्व फेरीचा तपशील इथे अप्रस्तुत.

९ फेब्रुवारी
पेंडल हरला. मग लक्षात आले, फासा उतारावर पडला होता. उतारावरचा फासा बाद, असा नियम केला. मागील तारखेपासून लागू. लढत पुन्हा. पेंडल पुन्हा हरला, पण झुंज चांगली दिली.

२३ मार्च
संकट. वानराने फासे पळवले. डेपोतला चौकीदार लटारू झाडाखाली तासभर भुईमुगाच्या शेंगा दाखवत उभा राहिला. वानराने शेंगा घेतल्या. फासे दिले नाहीत.
शेजारच्या बायनाबाई मोहफुले वेचून परत येत होत्या. सगळी हकिकत ऐकून घरातून पाच कवड्या घेऊन आल्या. विचार केला, कवड्या त्यांच्याच हातून टाकाव्यात. त्यांना बॉक्सिंग कळत नाही, म्हणजे पक्षपाताचा प्रश्न मिटला. तक्ता बदलला. पाचही पालथ्या, सर्वात वाईट.
पण बाईंची एक अट. कोण कोणाचा, लग्न झाले की नाही, घरी आई आहे का, हे कळल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. अर्धा दिवस सोळा जणांची कुळे सांगण्यात गेला. पुस्तकात नव्हते ते त्यांनी स्वतः ठरवले.

१८ मे
बिडीपत्त्याचा सीझन. कामाचा ताण, त्यामुळे चहा-भजी वाढली. वजन साठ. लाइटवेट. तात्पुरते.
ओसरीवर आता दर रविवारी सात-आठ बाया. त्यांचा पेंडलवर जीव. त्याला विलीभाऊ म्हणतात. कमळाने मात्र ऑगस्ट लेमेर हा बेल्जियमचा बॉक्सर धरला. कारण विचारले. म्हणे, तो पाव भाजायचा, सकाळी लवकर उठत असेल. बोलताना माझ्याकडे का बघत होती, कळले नाही.

२७ जुलै
नदीला पूर, रस्ता बंद, रेंजर साहेब अहेरीला अडकलेले. आठवडाभर लढती. पेंडलने लागोपाठ तिघांना पाडले! तिसऱ्या वेळी मी ओरडलो असे कमळाचे म्हणणे. अध्यक्ष ओरडत नसतात. खोकला आला होता.
वार्षिक आढाव्याचे पहिले वाक्य आजच लिहिले: 'हे वर्ष विली पेंडलचे.' वर्षाच्या शेवटी घाईत लिहिण्यापेक्षा बरे.

१२ ऑक्टोबर
गुण मोजले. पहिला पेंडल, दुसरा लेमेर. दोघेही ३१ डिसेंबरच्या फायनलला पात्र. पन्नास वर्षांनी का होईना, विलीला त्याची लढत मिळणार.
दसऱ्याचा पाहुणचार धरून वजन त्रेसष्ट. काट्यावर लटारूने दोनदा बघितले.

१६ नोव्हेंबर
सकाळी रेंजर साहेब आले. म्हणाले, गुणवंतराव, तुमच्या बॉक्सिंगचे फार ऐकले, दाखवा एकदा. मी म्हटले, पेंडल विरुद्ध लेमेर, प्रदर्शनीय सामना. तशी गरज नव्हती. दोघे पात्र होतेच. पण साहेबांना भलतेच दोन कोण दाखवणार.
चौथ्या राउंडला पेंडल आडवा. काही हरकत नाही, प्रदर्शनीयच होता. साहेबांना नियम २७ समजावून सांगितला. बायनाबाईंनी कवड्या टाकल्या. पाचही पालथ्या. पुन्हा टाकल्या. पाचही पालथ्या.
लेमेर कमळाचा, जिंकणारी ती, पण तीच म्हणाली, "राहू द्या न जी. तिसऱ्या डाव नका टाकू."
साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटले, नियम म्हणजे नियम, अध्यक्ष कोणाचा नसतो, टाका बाई. शिवाय गणित माझ्या बाजूने होते. पाचही पालथ्या पडायची शक्यता बत्तिसात एक.
टाकल्या.
कार्ड मी फाडले. साहेब म्हणाले, इंटरेस्टिंग. चहा घेऊन गेले.

१७ नोव्हेंबर
ऑफिसला गेलो नाही. दाढी नाही. पुठ्ठ्याचे कार्ड आहे, हे मला माहीत आहे. पोस्टकार्डाएवढे. तरी सकाळपासून जेवण जात नाही. दुपारी थोडे गेले.

१९ नोव्हेंबर
तोडगा सापडला. कमळाच्या मसाल्याच्या बाटलीने ओसरीची पाहणी केली. बाटली घरंगळते. म्हणजे ओसरी उतरती. म्हणजे सोळा तारखेची तिन्ही दाने बाद. पेंडल जिवंत. रद्दबातल ठरवण्याचा आदेश फुलस्केपवर लिहून बायनाबाईंकडे गेलो.
त्यांनी आदेश पूर्ण ऐकून घेतला. फाटलेले कार्ड त्यांनी त्याच दिवशी क्वार्टरमागच्या मोहाखाली पुरले होते. वर दगड. म्हणाल्या, "वर्षभर ज्याच्या नावानं कवड्या टाकल्या, त्याले असाच फेकून द्याचा काय? आमी त्याले माती देली. आता तो उठून आला तं लोकं भेतीन."
मी आदेश घडी करून खिशात ठेवला.

२८ नोव्हेंबर
विलीची तेरवी. मी विरोध केला होता. अख्ख्या डेपोत हसे होईल म्हटले. कोणी हसले नाही. लटारूने टोपी काढून हातात धरली. पुस्तकातल्या फोटोला झेंडूचा हार. बाया आपापल्या घरून तांदूळ, डाळ, तेल घेऊन आल्या. वडे, भात, कढी. एका म्हातारीने विचारले, मायबाप होते का बिचाऱ्याले? बायनाबाईंनी सांगितले, आई होती, आंधळी. हे पुस्तकात कुठेही नाही. तरी माझ्या डोळ्यांना पाणी आले. कढी तिखट होती.
वडे अकरा. दुःखात मोजू नये, पण कमळाने मोजले.

२१ डिसेंबर
फायनलमध्ये विलीची जागा रिकामी. तिसऱ्या क्रमांकाचा मनिलाचा सालाझार सुचवला. बायांनी नाकारला. त्याने बायको टाकली आहे म्हणे. हेही पुस्तकात नाही. मग मी विलीचा धाकटा भाऊ जॅक पेंडल याचे कार्ड सादर केले, दम सहापैकी सहा. बायनाबाई म्हणाल्या, तेरवीला काऊन नाई आला तो? मी कार्ड मागे घेतले.
शेवटी ठरले, पेंडलचा सगळ्यात जवळचा माणूस मीच, मीच उतरायचे. अध्यक्षाने लढणे नियमात बसत नाही. पण मतदान झाले. माझे कार्ड कमळाने भरले. ठोसा एक. दम एक. जबडा सहा. जबडा म्हणजे मार सोसण्याची ताकद, हे समजावले. म्हणाली, मले वाटलं खाण्याची.
तयारी उद्यापासून. पहाटे पाचला धावणे.

२२ डिसेंबर
थंडी फार. धावणे उद्यापासून.

३१ डिसेंबर
वार्षिक आढावा. विजेता: ऑगस्ट लेमेर, बेल्जियम. लढत पहिल्याच राउंडला संपली. नागपूरची उपांत्यपूर्व फेरी पहिल्या राउंडला चाळीस सेकंदांत संपली होती. ही थोडी आधी.
सकाळी काट्यावर अडुसष्ट. फेदर, लाइट, वेल्टर, मिडल. एका वर्षात चारही विभागांतून फिरलेला अख्ख्या वनविभागात एकच बॉक्सर.
मी आडवा झालो असे जाहीर करून उठणार, तोच लटारू मला म्हणाला, साहेब, सत्तावीस राह्यला. सगळ्यांनी माना हलवल्या. नियम माझाच. पुन्हा बसलो.
बायनाबाईंनी कवड्या टाकल्या. पाचही पालथ्या. मी हसलो, कोणी हसले नाही. पुन्हा टाकल्या. पाचही पालथ्या. शक्यता बत्तिसात एक, हे मनात घोकत होतो, पण माझ्या नावाचे कार्ड चटईवर पडले होते आणि त्यावर कमळाचे अक्षर होते. मी चक्क घाबरलो. बाईंनी कवड्या गोळा केल्या, मूठ हलवली.
कमळाने त्यांचा हात धरला. म्हणाली, "राहू द्या न बाई. तिसऱ्या डाव नका टाकू."
बाईंनी मूठ उघडून कवड्या तिच्या पदरात टाकल्या. कमळाने माझे कार्ड उचलले, झटकले आणि पोळपाटामागे ठेवून दिले. मग विचारले, जेवता ना. मी म्हटले, दोनच पोळ्या.
नियम २७ रद्द. मागील तारखेपासून रद्द करता येतो का, हे मी कोणालाही विचारले नाही.