चार माणसांचं शेत

तेल नफिसा, खाबूरकाठ
नोव्हेंबर १९३५

प्रिय नाझेनी,

हे पत्र जिर्जिस लोकरवाल्याच्या हाती देते आहे. तुमच्या तंबूंपर्यंत जाणारा माझ्या ओळखीचा तो एकटाच. तू शाळेत दोनच वर्षं गेलीस, तेव्हा आपली आर्मेनियन अक्षरं तुला आठवतात की नाही कोण जाणे. नसतील आठवत तर जिर्जिस वाचून दाखवील, अडेल तिथे अरबीत सांगेल. त्याच्यासमोर संकोचू नकोस. या पत्रात लाज वाटण्यासारखं जे काही आहे ते माझं आहे, तुझं नाही. तुझा नवरा गेल्या हिवाळ्यात तापानं गेला, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. त्यानं तुझ्यावर कधी हात उगारला नाही म्हणे. देव त्याला शांती देवो.

आधी माझं सांगते. वीस वर्षांपूर्वी आपल्या लोकांना घरांतून हाकलून वाळवंटात चालवत नेलं, तेव्हा त्या विहिरीपाशी तुझा हात माझ्या हातातून सुटला, त्यानंतर मी अलेप्पोला पोचले आणि सतरा वर्षं दुसऱ्यांच्या पायांखालचे गालिचे विणले. खाबूर नदीच्या काठी निर्वासितांना जमिनी देतात असं कानावर आलं आणि मी माग सोडून निघाले. इथल्या कारकुनानं विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, "मी एकटीच." त्यानं मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. "एकट्या बाईला शेत मिळत नाही. नाव लाव कुणाचं तरी, नाहीतर अलेप्पोला जा परत." मी बाहेर आले, रांगेच्या शेपटाला पुन्हा उभी राहिले आणि दुपारी त्याच माणसापुढे उभी राहून म्हटलं, "चार." एक मी, एक तू आणि तुझ्या दोन मुली, शम्सा आणि फिद्दा. तू जिवंत आहेस, अमुक तंबूत आहेस, हे तेव्हा जिर्जिसकडून नुकतंच समजलं होतं. त्या चार नावांवर मला हे शेत मिळालं. जमीन काळी आहे, भुसभुशीत. खारपुतला बाबांची होती तितकी चांगली नाही, पण नांगराला अडत नाही.

शेजारी ओदीशो आजोबा आणि त्यांची शीरी. असीरियन आहेत, तियारीच्या डोंगरातले. डोंगरात यांनी माती पाठीवर वाहून नेली, दगडाचे बांध घालून ती अडवली आणि तिच्यात पेरलं. इथे आल्यावर म्हातारबुवांनी पहिलं काम काय केलं असेल? तळहातासारख्या सपाट शेतात गुडघाभर उंचीची भिंत बांधायला घेतली! दोन कोसांवरून दगड आणत होते. मला हसू आवरेना. म्हटलं, "आजोबा, ही माती पळून कुठे जाणार आहे?" तर कंबर धरून सरळ झाले आणि म्हणाले, "पोरी, आमच्या पायाखालची माती वीस वर्षं पळतेच आहे. तू हसून घे." मग मीही चार दगड उचलून दिले. पहिल्या वर्षी त्यांनी बी राखून ठेवलं, डोंगरातल्यासारखं बर्फ वितळल्यावर पेरायचं म्हणून. इथे कुठलं आलंय बर्फ! वसंतात पेरलं आणि टीचभर वाढून सगळं करपलं. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसले आणि शरदातच पेरायला लावलं. त्या वर्षीपासून शीरी मला लेकीसारखं धरते, म्हणजे दिवसातून दोनदा ओरडते.

इथली घरं मातीची, उलट्या रांजणासारखी. उन्हाळ्यात नदीवरून डासांचे थवे येतात, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या गिळून कान वाजत राहतात. पहिल्या उन्हाळ्यात गावात अकरा माणसं गेली. नांगराची बैलजोडी चार घरांत एक. माझी पाळी नेहमी शेवटची, कारण माझ्या घरात भांडायला पुरुष नाही. मग मी स्वतःच भांडायला शिकले, आणि आता माझी पाळी दुसरी असते. नांगर मीच धरते. सुरुवातीला लोक बघायला यायचे, आता आपापल्या कामाला जातात.

तर नाझेनी, मागच्या आठवड्यात मोजणीचे फ्रेंच साहेब येणार अशी वर्दी आली. घराघरांतली माणसं उभी करून वहीतल्या नावांशी ताडायची होती. जितकी डोकी कमी तितकी जमीन काढून घ्यायची. माझी अर्धी पेरणी झाली होती. शीरी धावत आली. म्हणाली, "माझी सून आणि दोन नाती घेऊन जा उसन्या. साहेबाला डोकी मोजायची आहेत, आत काय आहे ते कोण बघतंय?" तिच्या मायेनं मला भरून आलं. रात्रभर विचार करून मी हो म्हणायचं ठरवलं होतं. पण सकाळी तिनं त्या मुलींचे केस विंचरून त्यांना माझ्या दारात आणून उभं केलं आणि धाकटीला शिकवू लागली, "नाव विचारलं तर सांगायचं, फिद्दा." त्या पोरीनं गुणीपणानं म्हटलं, "फिद्दा." मला ते ऐकवेना. तुझी लेक मी पाहिलेलीही नाही, आणि तिच्या जागी दुसरीला उभं करायला निघाले होते. मी त्यांना घरी पाठवलं. शीरी तणतणली, "मग जा उपाशी! तुझी अक्कल नदीला वाहून गेली!"

साहेब आले. चर्चपुढच्या अंगणात सारं गाव उभं होतं. दुभाष्यानं माझं घर पुकारलं, चार नावं वाचली आणि विचारलं, "बाकीची तीन कुठे आहेत?" मी म्हटलं, "बहीण आहे माझी, आणि तिच्या मुली. दक्षिणेकडे मेंढपाळांच्या तंबूत राहतात. नऊ वर्षांची असताना तिला नेलं. ती जिवंत आहे. ती इथे नाही, त्याला मीच कारण आहे."

 मग मागून तुरवांदा बोलली. आपल्याकडचीच आहे, तिचा नवरा जेरुसलेमची यात्रा करून आला, तेव्हापासून तिची मान खाली येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे त्या तंबूवाल्या बायकांसारखी तोंडावर गोंदलेली! ती येणार आणि आपल्यात उभी राहून प्रार्थना करणार?" मी उत्तर देणार तेवढ्यात शीरी पुढे सरली. सकाळपासून माझ्याशी अबोला धरला होता बरं का. "तुरवांदे," ती म्हणाली, "तुझा नवरा जेरुसलेमहून हातावर क्रूस गोंदवून आला, आणि भर थंडीत बाही वर करून गावभर हिंडतो. त्यानं पैसे मोजून गोंदवलं. या पोरीला धरून गोंदलं. तोंड कुणी लपवायचं ते सांग बघू?" लोक हसले. तुरवांदाच्या नवऱ्यानं बाही हळूच खाली केली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मळणीपर्यंत चार माणसं उभी राहिली तर शेत सगळं माझं, नाहीतर तीन हिस्से दुसऱ्या कुटुंबाला. मी मान डोलावली, घरी आले आणि उरलेली अर्धी पेरणी पुरी केली. चारही हिस्से पेरले, एक ओळ मोकळी ठेवली नाही. पण हे नीट ऐक: शेतासाठी येऊ नकोस. एका हिश्शात माझं पोट भरतं, आणि नाही भरलं तर माग कुठे पळून गेला नाही.

हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. गेल्या वर्षीच्या वसंतात, तुझा नवरा असताना, मीच जिर्जिसकडून निरोप धाडला होता, हसाकेच्या बाजारात ये, भेटू. तू आलीस. तुझा नवरा तुला घेऊन आला आणि आपण बोलावं म्हणून लांब मेंढरांपाशी थांबला. मी तुला शंभर पावलांवरून ओळखलं, नाझेनी. चालतेस तू अगदी आईसारखी. मग तू जवळ आलीस, तुझ्या हनुवटीवरची, ओठांखालची ती निळी गोंदणं मला दिसली, माझ्यासोबत गावातल्या बायका होत्या, आणि तू "वार्तेर" म्हणून हाक मारलीस तेव्हा मी वळून कांदे निवडायला लागले. तू दुसऱ्यांदा हाक मारलीस. मी कांदेवाल्याला भाव विचारला. तुझ्या नावावर मिळालेल्या शेताचं खाऊन मी तिथे उभी होते. मी तुला ओळखलं नाही असं तुला वाटलं असेल तर तसं नव्हतं. मला क्षमा कर असं लिहायला धजत नाही. इतकंच सांगते, तू माझी बहीण आहेस हे मी आता सगळ्या गावासमोर बोलून चुकले आहे, आणि ते मागे घेणार नाही. मुलींना घेऊन जायचं तर जा, असं तुझी सासू म्हणाली, हे जिर्जिसनं सांगितलं. या गुरुवारी मी हसाकेच्या बाजारात त्याच कांदेवाल्यापाशी पहाटेपासून उभी असेन. या खेपेला हाक मी मारीन, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तुला वाटलं तर तू तोंड फिरव आणि कांदे निवड. मी काही म्हणणार नाही. पुढच्या गुरुवारी मी परत येईन, त्याच्या पुढच्याही.

तू ओळख दे वा न दे, तुझीच थोरली,
वार्तेर